हळकुंडाची चोच

सांगलीला ताईकडे पोचले, तर भाचीनं दारातच बोट पुढं केलं. बोटावर हळद थापलेली आणि हळदीखाली नखाच्या कोरीएवढी लाल खूण. "मावशी, आणून चार दिवस झाले. रोज चावतो." चावणारा पिंजऱ्याच्या टपावर पिसं साफ करत बसलेला. सन कोन्यूर जातीचं पिल्लू, तीनेक महिन्यांचं. अजून निम्मं हिरवं, निम्मं पिवळं. पुरतं पिवळं व्हायला याला दीडेक वर्ष लागतं. भाचीला त्याचं नाव 'हळद्या' ठेवायचं होतं, पण त्या नावाचा आपला एक पक्षी आधीच आहे. सांगलीची हळद ती, तेव्हा नाव पडलं हळकुंड.

आईचा उपाय तयार होता. "बोटाला मिरची चोळ. पुन्हा तोंड लावायचा नाही." अंगठा चोखणाऱ्या नातवंडांवर तिनं हे चालवलेलं आहे. मी स्वयंपाकघरातून एक हिरवी मिरची आणून नुसती त्याच्यापुढं धरली. हळकुंड खाली उतरला, एका पायात मिरची पकडली, उभी चिरली आणि आतल्या बिया अशा चवीनं खाल्ल्या, जसे आपण बेदाणे खातो. आई बघतच राहिली.

मिरचीतलं कॅप्सायसिन आपल्या ज्या चेताग्राहकाला चेतवून 'भाजलं!' असं म्हणायला लावतं, पक्ष्यांमध्ये त्याची घडण थोडी वेगळी असते. कॅप्सायसिन त्याला जागंच करत नाही. मिरचीचा यात फायदा आहे. सस्तन प्राणी दाढांनी बिया भरडतात. बरेच पक्षी त्या सबंध गिळून लांब नेऊन टाकतात. (पोपट बिया फोडून खातो, तेव्हा मिरचीचा हा करार त्याच्याशी झालेला नसावा.) गंमत पुढंच आहे. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली, अमेरिका खंडातून. हळकुंडाचं कूळही दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातलं. घरात आल्यापासून ओळखीचं काही त्याच्यापुढं आलं असेल, तर ती मिरचीच!

मग चावतो का? त्यासाठी चोच म्हणजे काय ते बघायला हवं. आपला वरचा जबडा कवटीला पक्का चिकटलेला असतो. पोपटाची वरची चोच कवटीशी बिजागरीसारखी जोडलेली असते आणि स्वतंत्र हलते. चोचीच्या कडेला आतल्या अंगानं स्पर्श ओळखणाऱ्या चेतापेशींचे पुंजके असतात. सूर्यफुलाची बी खाताना हळकुंडाकडे जवळून बघा. जाड, गोल जीभ बी फिरवत फिरवत बरोबर कडेवर आणते, खालच्या चोचीची धार टरफल फोडते, टरफल पडतं आणि गर आत जातो. हे सगळं क्षणभरात, न बघता. आणि तीच चोच पायही आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गुलाबी तोंडाच्या लव्हबर्डना उभ्या भिंतीवर चढवून जोर मोजला. चोचीनं शरीर ओढण्याचा जोर पायांपेक्षा कमी नव्हता. चक्क तिसरा पाय.

म्हणजे भाची बोट पुढं करते, तेव्हा हळकुंड आधी चोच टेकवतो, ती ही फांदी वजन पेलेल का हे बघायला. भाची दचकून हात मागं घेते. फांदी हलली! पुढच्या वेळी तो घट्ट धरतो. चार दिवसांत दोघांनी एकमेकांना हेच शिकवलं होतं. त्यात हातानं भरवलेली पिल्लं बरेचदा भावंडांपासून लवकर वेगळी केलेली असतात. घरट्यात जोरात चावलं की भावंड ओरडतं, उलट चावतं. किती जोर चालतो ते तिथं कळतं. ते शिक्षण इथं भाचीच्या बोटावर चाललं होतं.

तासगावच्या द्राक्षबागांत, साताऱ्याकडच्या शाळवात आपले कीर पोपट थव्यानं उतरतात, तेव्हा त्यांचीही भांडणं होतात. पण एकजण मान पुढं काढतो, दुसरा उडून जातो. रक्त क्वचितच निघतं. (हे कीर पोपट घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. हळकुंड परदेशी आहे, तरी २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याचीही नोंद 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते. ताईनं केली आहे.) खोलीत, कोपऱ्यात, हात अंगावर येत असताना उडून जायची सोय नसते. मग चोच उरते. पंख कापून आणलेला पक्षी जास्त चावला, तर मला नवल वाटणार नाही.

चावायच्या आधी तो सांगतो मात्र. पक्ष्याच्या बुबुळातले स्नायू आपल्या दंडातल्या स्नायूंच्या जातीचे असतात, त्यामुळं बाहुली तो मनानं लहानमोठी करू शकतो. भाचीला म्हटलं, डोळे बघ. बाहुली झरझर लहानमोठी व्हायला लागली, मानेवरची पिसं उठली, अंग ताठलं, की हात तिथंच थांबव. खूश असतानाही डोळे असे करतो, म्हणून अंगाकडंही बघायचं. आणि चावलाच, तर ओरडायचं नाही. पोपटाला आरडाओरडा म्हणजे तमाशाचं तिकीट. हात झटकायचा नाही, चोचीवर टिचकी नाही. शांतपणे खाली ठेवायचं आणि मिनिटभर दुसरीकडं बघायचं. हाताऐवजी आधी काठी पुढं करायची, चढला की एक बी. रात्री दहा-बारा तास अंधार आणि झोप. गरीब पक्षी अचानक चावायला लागला, तर आधी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं, कारण दुखणं लपवण्यात पोपट पटाईत.

भाचीनं विचारलं, किती दिवसांत थांबेल? आई म्हणाली, "पी हळद नि हो गोरी, असं असतं होय?"

तीन आठवड्यांनी पुन्हा गेले. भाची काठीवरून त्याला बोटावर घेत होती. मध्येच त्याची पिसं जरा उठली. भाचीच्या आधी आई, भाकरीचं पीठ मळता मळता, म्हणाली, "ठेव गं खाली त्याला, पुरे म्हणतोय." भाचीनं ठेवला. हळकुंड मिरचीच्या देठाकडं चालत गेला.