गव्हावाचून शेवया

शेवई म्हटली की आपल्याला गहू आठवतो. उन्हाळ्यात पाटावर वळल्या जाणाऱ्या शेवया, चिमटीतून उतरणारे गव्हले, रुखवतात मानाने मांडल्या जाणाऱ्या नखुल्या आणि मालत्या हे सारे गव्हाचेच परिवारजन. तिकडे इटलीत तर गव्हाची ही सत्ता कायद्यानेच मान्य झाली आहे. सुकवलेला पास्ता कठीण जातीच्या गव्हाच्या रव्याचाच असला पाहिजे, असा निर्बंध त्या देशाने १९६७ साली घातला. असे असता अलीकडे आपल्या शहरांतील दुकानांतून हरभऱ्याच्या, मसुराच्या आणि मुगाच्या शेवया दिसू लागल्या आहेत. गव्हाला पर्याय म्हणून त्यांची शिफारस केली जाते. हा पर्याय खरा आहे का, आणि असला तर कोणासाठी, याचा विचार करण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. कडधान्याच्या शेवया म्हणून जे विकले जाते त्यात दोन अगदी भिन्न वस्तू आहेत. त्यांतील भेद ज्याला कळला, त्याची निवड चुकणार नाही.

प्रथम, गव्हाला हे स्थान का मिळाले ते पाहू. कणकेचा गोळा पाण्याच्या बारीक धारेखाली चोळीत राहिले, तर पांढरे पिष्ट वाहून जाते आणि हातात रबरासारखा चिवट लगदा उरतो. हेच ग्लुटेन. बोलोन्या येथील बेक्कारी या इटालियन पंडिताने गव्हातील या द्रव्याचे वर्णन केले व ते १७४५ साली प्रसिद्ध झाले. गव्हातील दोन प्रकारची प्रथिने पाणी आणि मळणी मिळताच एकमेकांत गुंततात व त्यांचे एक लवचीक जाळे तयार होते. शेवई ताणली जाते पण तुटत नाही, उकळत्या पाण्यात पडते पण विरघळत नाही, ती या जाळ्यामुळे. हरभऱ्यात प्रथिन गव्हापेक्षा अधिक असते; परंतु ते असे जाळे विणीत नाही. बेसनाचा गोळा ताणून पाहा, तो लगेच तुटतो.

जो गुण सुगरणीला हवासा वाटतो, तोच काही माणसांच्या शरीराला सोसत नाही. सीलिअॅक या विकारात ग्लुटेन पोटात गेले की शरीराची संरक्षणव्यवस्थाच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अन्न शोषून घेणारे सूक्ष्म अंकुर झिजतात. मूल खाते पण वाढत नाही, रक्त कमी होते, हाडे दुबळी होतात. या विकाराचे कारण गव्हात आहे हे हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी दाखवून दिले व १९५० साली आपल्या प्रबंधात ते मांडले. हा विकार परदेशातलाच, असा समज आपल्याकडे पुष्कळ काळ होता. परंतु दिल्लीच्या परिसरात झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शंभरांत सुमारे एका माणसाला तो असल्याचे आढळले. औषध एकच: गहू, जव आणि राय ही धान्ये जन्मभर वर्ज्य. ज्या घरात पोळीवाचून ताट पुरे होत नाही, तेथे हे पथ्य किती कठीण आहे हे सांगावयास नको. अशा घरातील मुलाला इतर मुलांसारखी वाटीभर शेवई मिळणे, ही केवळ चैनीची बाब उरत नाही.

आता त्या दोन वस्तूंकडे वळू. पहिलीचे घर चीनमध्ये आहे. शानतुंग प्रांतातील जाओयुआन भागात मुगाच्या, काचेसारख्या पारदर्शक शेवया होतात आणि ज्या बंदरातून त्या बाहेर जात, त्या लोंगकौचे नाव त्यांना चिकटले आहे. शेवई दाबून काढण्याची कला त्या देशात फार जुनी. सहाव्या शतकातील 'छीमिन याओशू' या कृषिग्रंथात शिंगाच्या तुकड्याला भोके पाडून त्यातून पिठाचा घोळ उकळत्या पाण्यात सोडण्याची कृती आहे. आपल्या सोऱ्याचाच तो दूरचा पूर्वज म्हणावा.

या मुगाच्या शेवयांची रीत महाराष्ट्रातील गृहिणीला चटकन उमजेल, कारण ती कुरडईची रीत आहे. आपण गहू तीन दिवस भिजवितो, वाटतो, गाळतो आणि तळाशी बसलेला चीक तेवढा घेतो. तेथे मूग भिजवून वाटतात, गाळतात, आंबट पाण्याच्या साहाय्याने त्याचे पिष्ट तळाशी बसवितात. थोड्या पिष्टाची खळ शिजवून ती उरलेल्या पिष्टात मळतात आणि तो लगदा भोकांतून उकळत्या पाण्यात सोडतात. नंतर शेवया गार पाण्यात घालून वाळवितात. ग्लुटेन नसताना त्या तुटत कशा नाहीत, असे कोणी विचारील. मुगाच्या पिष्टात अॅमायलोज या सरळ साखळीच्या घटकाचे प्रमाण मोठे असते. शिजलेले पिष्ट निवताना या साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगतात आणि शेवईला बळकटी येते.

परंतु कुरडईत जसा सगळा गहू नसतो, तसा या शेवईत सगळा मूग नसतो. शंभर ग्रॅम अख्ख्या मुगात सुमारे २४ ग्रॅम प्रथिन असते. तेवढ्याच वजनाच्या या कोरड्या शेवयांत ते एक ग्रॅमही नसते. गाळण्यात आणि निवळण्यात मुगाचे सत्त्व पाण्याबरोबर निघून गेले. त्याच शानतुंगमधील कारखाने आज वाटाण्याचे पिष्ट शेवयांकडे वळवितात आणि त्यातून निघालेले प्रथिन वेगळे, चांगल्या भावाने विकतात. मूग पौष्टिक, म्हणून मुगाची शेवई पौष्टिक, हे अनुमान म्हणूनच फसवे आहे.

दुसरी वस्तू आपल्या शेवेच्या कुळातली. तिच्यात काही गाळले जात नाही. डाळीचे पीठच्या पीठ वापरले जाते. बेसन मळून, त्याच्या वळ्या करून त्या पाण्यात उकडण्याची कल्पना राजस्थानच्या गट्ट्यांत पूर्वीपासून आहेच. सुरळीच्या वडीतही ताकात शिजलेले बेसन निवले की त्याचा पातळ, न तुटणारा पापुद्रा निघतो. हेच तत्त्व आधुनिक कारखान्यांनी उचलले आहे. डाळीच्या पिठाला वाफ आणि उष्णता देऊन, दाबाने साच्यातून काढून ते वाळविले, म्हणजे हरभऱ्याच्या वा मसुराच्या शेवया तयार होतात. गव्हाच्या कोरड्या पास्त्यात शंभर ग्रॅमला सुमारे १३ ग्रॅम प्रथिन असते, तर या शेवयांत सामान्यतः वीस किंवा अधिक. पचनाला साहाय्यक असा चोथाही त्यांत जास्त असतो. मात्र काही उत्पादक बांधणीसाठी दुसऱ्या कंदाचे पिष्ट किंवा तांदूळ मिसळतात. म्हणून वेष्टनावरील घटकांची यादी वाचल्यावाचून पिशवी घेऊ नये. यादीत प्रथम डाळीचे पीठ असेल तर वस्तू दुसऱ्या जातीची, नुसते पिष्ट असेल तर पहिल्या.

शिजविण्याच्या रीतीही निराळ्या. पारदर्शक शेवया गरम पाण्यात थोडा वेळ भिजवल्या तरी पुरे. डाळीच्या शेवयांना पाणी भरपूर हवे, कारण त्यांना फेस फार येतो आणि भांडे उतू जाते. शिवाय त्यांची योग्य घटका लवकर टळते. क्षणभर दुर्लक्ष झाले की त्यांचा पिठल्यासारखा गोळा होतो. राजम्याच्या पिठाच्या शेवया घरी करण्याचा मोह मात्र टाळावा. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असते. राजमा भिजवून चांगला खळखळ उकळल्याशिवाय ते नाहीसे होत नाही.

ज्यांना ग्लुटेन वर्ज्य आहे, त्यांना आणखी सावध राहावे लागते. हरभऱ्यात ग्लुटेन नाही, पण ज्या गिरणीत गव्हावर डाळ दळली त्या गिरणीच्या बेसनात ते असते. बाजारातील खड्याच्या वा पुडीच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. कुरडईच्या चिकातही गव्हाचा अंश राहतो, तेव्हा तीही चालणार नाही. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन नसलेल्या पदार्थालाच ग्लुटेनमुक्त म्हणता येते. तो शब्द वेष्टनावर पाहावा. आणि सर्वांत महत्त्वाचे: विकाराची शंका आली तर आधी वैद्यकीय तपासणी करावी, मग गहू सोडावा. गहू आधीच बंद केला तर रक्ताच्या चाचणीत खूणच सापडेनाशी होते आणि निदान लांबते.

ज्यांना असा विकार नाही त्यांनी गव्हाला हद्दपार करावे काय? तसे वाटत नाही. गव्हाच्या प्रथिनात लायसिन हा घटक कमी पडतो, तो डाळीत भरपूर असतो; डाळीत मेथिओनिन उणे, ते गहू पुरवितो. दोघे एका ताटात आले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. रोमन कवी होरेसने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात आपल्या साध्या रात्रीच्या जेवणात हरभरे आणि 'लागानम्' नावाच्या पिठाच्या पदार्थाचा उल्लेख केला आहे, आणि दक्षिण इटलीत हरभरे घातलेला पास्ता आजही शिजतो. आपली वरणफळे तरी दुसरे काय आहेत? उकळत्या वरणात सोडलेले कणकेचे तुकडे, म्हणजे गहू आणि तूर यांचा समेटच. रसायनशास्त्राने ज्याचे कारण पुढे सांगितले, ते स्वयंपाकघराने अनुभवाने आधीच साधले होते.

तात्पर्य, डाळीच्या शेवया गव्हाच्या वैरिणी नव्हेत. ज्याला गहू चालतो, त्याने वरणफळे खावीत आणि हवे तेव्हा या नव्या शेवयांनाही आपल्या ताटात जागा द्यावी. ज्याला तो चालत नाही, त्याच्यासाठी मात्र त्या मोठा आधार आहेत. फक्त त्याच्या वाटीत अख्खी डाळ पडते आहे की तिचा नुसता चीक, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.