लोकसंख्येचा आकडा आणि नऊची कसोटी

२०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ इतकी भरली. त्यात १३,३७,५६० पुरुष आणि १२,४८,६९८ स्त्रिया होत्या. असे मोठे आकडे एका तक्त्यातून दुसऱ्या तक्त्यात उतरविताना एखादा अंक चुकणे सहज संभवते. शाळा, दवाखाने, शिधावाटप यांचे नियोजन ज्या आकड्यांवर बेतलेले असते, त्यांत अशी चूक शिरणे परवडणारे नाही. सुदैवाने पूर्ण संख्येच्या अंगीच असे गुणधर्म असतात की, तिची पडताळणी कागद-पेन्सिलीने करता येते.

दहा, शंभर, हजार यांपैकी कोणत्याही संख्येस नऊने भागले असता बाकी एकच उरते. त्यामुळे संख्येला नऊने भागून जी बाकी उरते, तीच तिच्या अंकांच्या बेरजेला भागूनही उरते. पुरुषांच्या आकड्यातील अंकांची बेरीज २५, म्हणजे बाकी ७. स्त्रियांच्या आकड्यातील बेरीज ३८, म्हणजे बाकी २. दोहोंची बेरीज ९. अर्थात एकूण संख्येस नऊने नि:शेष भाग जावयास हवा. तिच्या अंकांची बेरीज ३६ येते, म्हणजे ताळा जुळतो.

परंतु शेवटचे दोन अंक उलटून २५,८६,२८५ असे लिहिले गेले, तरी अंकांची बेरीज ३६ च राहते. येथे अकराची कसोटी कामी येते. एकक स्थानापासून एकाआड एक अंक घेऊन त्यांच्या बेरजेतून उरलेल्या अंकांची बेरीज वजा करावी. उत्तर ऋण आल्यास त्यात अकरा मिळवावेत. याप्रमाणे पुरुषांसाठी ४, स्त्रियांसाठी ० आणि एकूण संख्येसाठी ४ उरतात. उलटलेल्या आकड्यातून मात्र ९ उरतात आणि चूक उघडी पडते. दोन्ही कसोट्यांतून निसटण्यासाठी चूक नव्व्याण्णवच्या पटीतच असावी लागते.

देवळालीचे शिक्षक व गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी स्वत:च्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भागली जाणाऱ्या संख्येस ‘हर्षद’ संख्या म्हटले. बुलढाण्याचा आकडा या मानापासून थोडक्यात वंचित राहिला आहे. त्याचे मूळ अवयव २ × ३ × ३ × २३ × ६२४७ असे आहेत. छत्तिसाने भाग जाण्यास दोनदा २ हवेत, येथे तो एकदाच आहे.

तथापि, या कसोट्या केवळ बेरजेची व नकलेची साक्ष देतात. एखाद्या वाडीवरील घर मोजावयाचे राहून गेले, तर त्याची उणीव कोणतीही बाकी दाखवीत नाही. २०२७ च्या जनगणनेची अधिसूचना केंद्र शासनाने जून २०२५ मध्ये काढली. बेरीज तपासण्याचे काम गणित करील. घर न सुटू देणे हे मात्र प्रगणकाच्या दक्षतेवर आणि नागरिकांच्या सहकार्यावरच अवलंबून आहे.