जुन्या डिझेल गाडीचा क्लच बदलताना फ्लायव्हीलही पाहा

खराडी, चंदननगर, वाघोली या पट्ट्यात दुकान असलेल्या व्यापारी बंधूंना नगर रस्त्याची गर्दी काही नवीन नाही. १९९७ साली खराडी पुणे महापालिकेत आली, पुढे आयटी कंपन्या आल्या, आणि आज आपली मालाची गाडी बायपास चौकापर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरवरच रखडत जाते. दर दहा पावलांवर क्लच दाबायचा आणि सोडायचा. नवी गाडी हे सोसते, पंधरा वर्षांची डिझेल व्हॅन सोसत नाही. आमच्या व्हॅनवर हा प्रसंग आला तेव्हा आम्ही जी चूक केली, ती इतरांच्या हातून होऊ नये म्हणून हा लेख.

शाबान महिन्यात भिवंडीहून कापडाच्या गाठी भरून गाडी निघाली. बोरघाटात इंजिनाचा आवाज चढला, पण गाडी पुढे सरकेना. यालाच मिस्त्री लोक क्लच घसरणे म्हणतात. कशीबशी गाडी पुण्यात आणली. ईदचा हंगाम तोंडावर होता. घाईने आणि काटकसर म्हणून आम्ही फक्त क्लच प्लेट बदलून घेतली. सहा आठवड्यांत, ऐन रमजानमध्ये, गाडी पुन्हा घसरू लागली आणि सुटताना थरथरू लागली. आम्ही सारा दोष ड्रायव्हरला दिला. तो क्लचवर पाय ठेवून चालवतो, असे म्हणून त्याचा पगारही कापला.

दुसऱ्या मिस्त्रीने गिअर बॉक्स उतरवला आणि आम्हास आत बोलावून दाखविले. आतला भाग तेलाने माखलेला होता. इंजिनाच्या मागचे मेन ऑइल सील गळत होते व त्या तेलाने नवी प्लेट भिजून गेली होती. फ्लायव्हीलवर निळे डाग आणि केसासारख्या बारीक भेगा होत्या. ड्रायव्हरचा काही कसूर नव्हता. कापलेले पैसे आम्ही त्याच दिवशी परत केले आणि माफी मागितली. शिंप्यांकडे कापड मात्र चार दिवस उशिरा पोहोचले, आणि ईदच्या आधीचे चार दिवस म्हणजे काय, हे शिंपीच जाणे.

आता ही यंत्रणा काय आहे ते पाहू. इंजिनाच्या मागे बसविलेली लोखंडाची जड चकती म्हणजे फ्लायव्हील. तिच्या वजनामुळे इंजिनाचे धक्के शोषले जातात. डिझेल इंजिनाचे धक्के मोठे, म्हणून त्याची चकतीही चांगली जड असते. तिच्या कडेला दातांची रिंग असते, तिच्यात स्टार्टर अडकतो. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट दाबून धरलेली असते. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग पुढे सरकते, पकड सुटते आणि गिअर पडतो. म्हणजे क्लच प्लेट एका बाजूने फ्लायव्हीलवरच घासते. ती बाजू खराब असेल तर नवी प्लेट टिकणार कशी?

गिअर बॉक्स उतरविण्याआधी रोग ओळखावा. सपाट जागी हँडब्रेक ओढून, गाडीपुढे कोणी उभे नाही हे पाहून, तिसरा गिअर टाकावा व क्लच हळूहळू सोडावा. क्लच ठीक असेल तर इंजिन बंद पडते. चालूच राहिले तर तो घसरत आहे. ही तपासणी एकदाच करावी, वारंवार नाही. गिअर पडताना करकर होत असेल, तर आधी केबल किंवा क्लचच्या तेलाचे सिलिंडर पाहावेत, कदाचित थोडक्यात निभावेल. पेडल दाबल्यावर आवाज येत असेल तर बहुधा रिलीज बेअरिंग गेले आहे. उलट पेडल सोडल्यावर आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर दोष गिअर बॉक्सच्या बेअरिंगचा असू शकतो.

या कामात खरा खर्च मजुरीचा आहे, कारण प्लेट बदला नाहीतर सील बदला, गिअर बॉक्स उतरवावाच लागतो. म्हणून एकदा उतरला की क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि शाफ्टच्या टोकाचे पायलट बेअरिंग एकत्र बदलावे. मेन ऑइल सील आणि गिअर बॉक्सचे पुढचे सील त्याच वेळी नवे घालावे. सीलची किंमत ती काय, पण आम्ही तीच वाचवायला गेलो.

फ्लायव्हीलवर नुसत्या रेघा असतील तर ते लेथवर घासून घेता येते. मात्र काही फ्लायव्हीलला पायरी असते: प्लेट घासते तो भाग आणि प्रेशर प्लेट बोल्टने बसते तो भाग वेगवेगळ्या उंचीवर असतात. एक भाग जेवढा घासला तेवढाच दुसराही घासावा लागतो, नाहीतर क्लचचा दाब बदलतो. ही गोष्ट लेथवाल्याला तोंडाने सांगावी. भेगा खोल असतील तर घासण्याचा मोह टाळून फ्लायव्हील बदलावे. वेगाने फिरणारे जड लोखंड फुटले तर माणसाच्या जिवावर बेतते. फक्त रिंगचे दात गेले असतील तर बहुतेक साध्या फ्लायव्हीलवर रिंग तेवढी तापवून नवी चढविता येते. चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना साधारण समोरासमोरच्या दोन ठिकाणीच थांबते, म्हणून दातही तिथेच जास्त झिजतात.

अलीकडच्या काही डिझेल गाड्यांत दोन तुकड्यांचे, मधे स्प्रिंग असलेले फ्लायव्हील येते. ते महाग असते आणि साध्यासारखे लेथवर लावता येत नाही. गाडीत कोणते आहे, हे भाव ठरविण्याआधीच मिस्त्रीला विचारावे.

सामान नाना पेठेत मिळते. जाताना जुनी प्लेट सोबत न्यावी, व्यास मोजावा, मधले दात मोजावेत. एकाच नावाच्या गाडीला वेगळ्या वर्षी वेगळे माप आलेले असू शकते. खोका पाहून फसू नये आणि पक्के बिल घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे, पूर्वी बऱ्याच भागांवर तो २८ टक्के होता. मालवाहू गाडी धंद्यासाठी वापरणाऱ्या व कंपोझिशनमध्ये नसलेल्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला या कराची वजावट घेता येते. कापडाच्या बिलांचे पै-पैचे हिशेब ठेवणारे आपले बंधू गॅरेजचे बिल मात्र खिशात विरघळू देतात, हे आम्ही पाहिले आहे.

जोडणीच्या वेळी शक्य तर समोर उभे राहावे. फ्लायव्हीलचे बोल्ट नवे असावेत, कंपनीने दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने, समोरासमोर कसावेत. प्लेटची फ्लायव्हीलकडची बाजू तिच्यावर लिहिलेली असते, उलटी बसली तर सर्व काम पुन्हा. तेलकट हात लायनिंगला लावू नये. आतली धूळ हवेने उडवू देऊ नये, ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या लायनिंगमध्ये ॲसबेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसाला घातक आहे. गॅरेजमधील शिकाऊ पोरे हीच धूळ तोंडाने फुंकतात, उस्तादांनी त्यांना रोखावे.

गाडी आल्यावर पहिले काही शे किलोमीटर जड माल भरू नये. म्हणूनच हे काम हंगामाच्या दोन महिने आधी, रज्जबमध्येच उरकून घ्यावे. तसेच मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दर वर्षी फिटनेस लागतो, तेव्हा क्लचवर खर्च करण्याआधी चेसिसचा गंज आणि इंजिनाचा धूर पाहून घ्यावा. गाडी फिटनेसमध्येच बसणार नसेल, तर नवे फ्लायव्हील घालून ती विकताना त्याचा पैसा कोणी देत नाही.