फाडावं काय आणि ठेवावं काय?

सोनाराच्या दुकानातला केर कुणी उकिरड्यावर टाकत नाही. तो जपून ठेवतात, विकतात आणि मग तो जाळून, धुऊन, मुशीत आटवून त्यातला सोन्याचा कण वेगळा काढतात. ही विद्या हाती असलेले गलाईवाले आमच्या विट्यातून, खानापूर-आटपाडीकडच्या दुष्काळी गावांतून निघाले आणि देशभरच्या सराफ पेठांत जाऊन बसले. तेव्हा केरातही मोलाची वस्तू असते, हे विट्याच्या माणसाला शिकवायला नको. आणि तरीही रद्दीवाल्याची हाक आली की आपल्या घरातला कागदी केर आपण किलोच्या भावाने, न बघता देऊन टाकतो!

काय असतं त्या रद्दीत? वर्तमानपत्रं असतात, तशीच बँकेच्या खातेउताऱ्याची पाकिटं असतात, विम्याच्या नोटिसा असतात आणि कुठल्याशा कामासाठी काढून उरलेल्या आधारकार्डाच्या दोन-तीन झेरॉक्स असतात. त्यातल्या एखादीवर आपली सहीसुद्धा असते. पूर्वी अशा कागदाची फार तर शेंगदाण्याची पुडी व्हायची. आता दिवस बदलले. नाव, पत्ता, जन्मतारीख, मोबाइलचा नंबर आणि खाते क्रमांक एकत्र हाती लागले, की 'मी बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्या भामट्याचं निम्मं काम होतं. आपल्याच खात्याचा नंबर त्याने घडाघडा म्हणून दाखवला की घरातल्या वडीलधाऱ्यांना त्याची खात्री पटते आणि उरलेलं निम्मं काम ते स्वतःच करून देतात.

मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, असं पत्रक काढलं. त्यावर देशभर गोंधळ उडाला आणि दोनच दिवसांत ते मागे घेण्यात आलं. नेहमीची खबरदारी घ्या, एवढंच लोकांना सांगण्यात आलं. ही नेहमीची खबरदारी म्हणजे काय? जिथे चालेल तिथे फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं आधार द्यावं. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर कारण आणि तारीख लिहावी. आणि घरी उरलेली प्रत नष्ट करावी.

या शेवटच्या कामासाठी कागद कातरणारं छोटं यंत्र, म्हणजे श्रेडर, आता घरगुती आकारात मिळतं. कचऱ्याच्या डब्याएवढं असतं. जर्मनीत आडोल्फ एहिंगर नावाच्या माणसाने १९३५ च्या सुमारास असं यंत्र केलं. हाताने फिरवायच्या शेवयांच्या यंत्रावरून त्याला ते सुचलं, असं सांगतात. पण यंत्र घेण्याआधी एक गोष्ट ठरवायला हवी.

बँकेत माझी सारी उमेद गेली. तिथे कागद फाडण्यालाही कायदा असतो. जुन्या नोंदी किती काळ जपायच्या याचे नियम १९८५ साली झाले. काही नोंदवह्या पाच वर्षं, तर लेजर, व्हाउचर वगैरे आठ वर्षं. म्हणजे ठेवायचं काय हे आधी ठरतं, फाडण्याची पाळी नंतर येते. घरात असा नियम कुणी केलेला नसतो, तो आपणच करायचा. त्यासाठी कागदाचे तीन गठ्ठे करावेत.

पहिला गठ्ठा कधीही न फाडायचा. खरेदीखत, वाटणीपत्र, जुने सातबारा आणि फेरफार, मृत्युपत्र, जन्म-मृत्यूचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले. आजोबांच्या शाळेचा पिवळा पडलेला दाखला, मोडीतला एखादा कागद, वाचता येत नाही म्हणून कुणी टाकू नये. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत जुन्या ट्रंका उघडल्या गेल्या. जात पडताळणीला नातवाच्या उपयोगी पडतो तो पणजोबांचा कागद. हा गठ्ठा यंत्रापासून दूर, वेगळ्या पेटीत असावा.

दुसरा गठ्ठा मुदतीचा. प्राप्तिकराचे कागद सात-आठ वर्षं ठेवावेत आणि फाडण्यापूर्वी आपल्या कर सल्लागाराला एकदा विचारावं. कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला मात्र पहिल्या गठ्ठ्यात घालावा. तिसरा गठ्ठा लगेच कातरायचा: जादा झेरॉक्स, ताडून झालेले खातेउतारे, एटीएमच्या चिठ्ठ्या, रद्द केलेले चेक, नाव-पत्ता चिकटवलेली पार्सलची वेष्टनं.

आता यंत्राकडे वळू. स्वस्तातलं यंत्र कागदाच्या लांब पट्ट्या करतं. त्यावर भिस्त ठेवू नये. १९७९ साली तेहरानच्या अमेरिकन वकिलातीत अशाच पट्ट्या करून टाकलेले गुप्त कागद इराण्यांनी गालिचे विणणाऱ्यांच्या मदतीने जोडले आणि पुस्तकरूपाने छापलेसुद्धा! यंत्रमागावर तुटलेले धागे दिवसभर जोडणाऱ्या विटेकरांना याचं नवल वाटू नये. म्हणून उभं आणि आडवं, दोन्हीकडून कापणारं यंत्र घ्यावं. खोक्यावर 'पी-४' असं लिहिलेलं असेल, तर एकेक तुकडा जास्तीत जास्त १६० चौरस मिलिमीटरचा होतो, म्हणजे साधारण ४ मिलिमीटर रुंद आणि ४० मिलिमीटर लांब. घराला तेवढं पुरतं.

एका वेळी पाच-सहा कागद घेणारं यंत्र चार माणसांच्या कुटुंबाला पुष्कळ झालं. ही छोटी यंत्रं सलग दोन-चार मिनिटंच चालतात आणि मग थंड व्हायला वीस-तीस मिनिटं घेतात. म्हणून वर्षाचा ढीग एका दिवाळीत उपसण्यापेक्षा महिन्याच्या एका रविवारी थोडं थोडं काम करावं. घालण्याआधी टाचण्या आणि चिकटपट्टी काढावी. कागद अडकला तर ओढू नये, उलट फिरवण्याचं बटण दाबावं. अधूनमधून यंत्राचं खास तेल एका कागदावर ओघळवून तो कागद आत घालावा, म्हणजे पाती नरम चालतात. फवारणीचं तेल मात्र वापरू नये, त्याने पेट घेण्याचा धोका असतो. पदर, ओढणी, मोकळे केस आणि नातवंडांची बोटं यंत्रापासून लांब ठेवावीत. काम झालं की प्लग काढून ठेवावा.

आणि महिन्याला जेमतेम दहा कागद निघत असतील, तर यंत्राची गरजच नाही. कागद हाताने फाडून बादलीत रात्रभर भिजत घालावेत आणि सकाळी चांगले कुस्करावेत. अक्षर राहत नाही. आपल्या आज्या-पणज्या असाच लगदा करून त्यात मेथ्या वाटून घालत आणि टोपल्या लिंपत. त्या टोपलीत कुणाचं पत्र गेलं आणि कुणाची पावती, हे जगात कुणालाही सांगता आलं नसतं.

यंत्र असो वा बादली, कागद आत घालण्यापूर्वी घरातल्या जाणत्या माणसाने तो एकदा डोळ्यांखालून घालावा. कातरलेला कागद परत मागता येत नाही आणि रद्दीत गेलेलाही नाही.