साठ फ्रेम्सचा हिशेब: जुन्या संगणकात पैसा नेमका कुठे घालावा?

१६.६७ मिलिसेकंद. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं उमटायची असतील, तर एक चित्र तयार करायला संगणकाच्या हाती एवढाच वेळ असतो. ३० चित्रांवर भागत असेल तर ३३.३३ मिलिसेकंद मिळतात. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला तर फक्त ६.९४. इंदूरच्या आरएनटी मार्गावर, सिल्व्हर मॉलमध्ये सुटे भाग घ्यायला निघालेल्याने हे आकडे आधी लक्षात ठेवावेत आणि मगच पाकीट उघडावं.

आपल्या डोळ्यांपुढचा ग्राहक साधा आहे. घरात ऑफिसातून निघालेला जुना संगणक, संध्याकाळी तासभर व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ किंवा जीटीए ५, आणि खर्चाची मर्यादा दहा-पंधरा हजार. भंवरकुआँ भागात खोली घेऊन शिकणाऱ्या मुलांपासून रामबागेतल्या मराठी घरांपर्यंत हा हिशेब सारखाच आहे.

आधी निदान

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळपास एकाच वेळी काम करतात, आणि जो हळू तोच वेग ठरवतो. समजा, एका चित्रासाठी प्रोसेसरला १२ मिलिसेकंद लागतात आणि कार्डाला २५. मग सेकंदाला ४० चित्रं मिळतील. दुप्पट वेगाचा प्रोसेसर आणला, तरी ४०च. तेच पैसे दुप्पट वेगाच्या कार्डावर घातले, तर कार्डाचे १२.५ मिलिसेकंद होतात आणि चित्रं ८० होतात. खर्च तोच, पण पहिल्या वेळी फायदा शून्य.

अडलंय कोण, हे घरीच फुकट कळतं. गेम १९२० × १०८० वर खेळा, मग १२८० × ७२० वर. पहिल्यात २०,७३,६०० ठिपके, दुसऱ्यात ९,२१,६००; म्हणजे कार्डावरचं ओझं सव्वादोन पटींनी घटतं. चित्रं लक्षणीय वाढली तर कार्ड कमी पडतंय. तशीच राहिली तर प्रोसेसर किंवा रॅम अडते आहे. दुकानात जाण्यापूर्वी हे दोन आकडे कागदावर लिहून घ्या.

एसएसडी: वाट पाहणं संपतं, चित्रं वाढत नाहीत

मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कची एक फेरी ८.३३ मिलिसेकंदांची असते. हवा तो भाग सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४.१७ मिलिसेकंद. त्यात सुई हलण्याचे सुमारे ९ धरले, तर इथे-तिथे विखुरलेल्या फाइली सेकंदाला ७५च्या आसपासच वाचून होतात. एसएसडीत फिरणारं काही नसल्याने हाच आकडा हजारोंच्या घरात जातो. सलग वाचनातही साटा एसएसडी सेकंदाला ५५० एमबीपर्यंत जाते, हार्ड डिस्क १०० ते १६० एमबीवर थांबते.

काउंटर-स्ट्राइक २ एकटा ८५ जीबी जागा मागतो. नकाशा उघडताना, विंडोज सुरू होताना फरक ठळक जाणवतो. मात्र ४० चित्रांची ६० होतील, असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही.

रॅम: एकाऐवजी दोन स्टिक

डीडीआर४-३२०० ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी माहितीची ने-आण करते. तशाच दोन स्टिक योग्य स्लॉटमध्ये बसवल्या की ५१.२. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल, तर चित्रं काढण्याचं कामही याच रॅमवर चालतं, म्हणून १६ जीबीच्या एका स्टिकपेक्षा ८-८ च्या दोन बऱ्या. ८ जीबीच्या एकाच स्टिकवर चालणाऱ्या संगणकात ग्राफिक्ससाठी २ जीबी राखली, तर विंडोज आणि गेम यांच्यासाठी उरतात ६. काउंटर-स्ट्राइक २ ची किमान गरजच ८ जीबी आहे.

मात्र ‘रॅम स्वस्त असते’ हा जुना समज आता सोडायला हवा. एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव जगभर भडकले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रूशियल या नावाने होणारी ग्राहकांसाठीची विक्री थांबवण्याची घोषणा केली. म्हणून जुनी स्टिक काढून टाकू नका. तिच्याच वेगाची दुसरी शोधा.

कार्ड: जीबीचा आकडा फसवतो

कार्डाच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात मेमरीचे जीबी छापलेले असतात. विचारायला हवा तो मेमरीचा वेग:

• जीटी १०३०, डीडीआर४ मेमरी: सेकंदाला १६.८ जीबी
• जीटी १०३०, जीडीडीआर५ मेमरी: ४८ जीबी
• जीटीएक्स १६५०, जीडीडीआर५ मेमरी: १२८ जीबी
• आरएक्स ६६००: २२४ जीबी

पहिल्या दोघांचं नाव एकच, वेगात फरक जवळजवळ तिप्पट. त्यातलं पहिलं कार्ड घेणाऱ्याला रॅमच्या दोन स्टिक जेवढं देतात, त्याचा तिसरा हिस्साच मिळतो.

दुसरा सापळा आरएक्स ६४०० चा. हे कार्ड मदरबोर्डाशी फक्त चार मार्गिकांनी बोलतं. पीसीआय-एक्सप्रेस ४.० च्या नव्या बोर्डावर त्यातून सेकंदाला ७.८८ जीबी जातात, जुन्या ३.० वर ३.९४. कार्डावरची ४ जीबी मेमरी भरली की हा अरुंद रस्ता जाणवतो. जुन्या संगणकासाठी स्वस्त म्हणून सुचवलं जाणारं हे कार्ड नेमकं जुन्याच संगणकात अडखळतं.

एसएमपीएस: न दिसणारी मर्यादा

छोट्या ऑफिस कॅबिनेटमध्ये बऱ्याचदा २४० वॉटचा एसएमपीएस असतो. ६५ वॉटचा प्रोसेसर आणि बाकी भागांचे सुमारे ५० मिळून ११५ झाले. ७५ वॉटचं जीटीएक्स १६५० जोडलं की १९०. कागदावर बसतं, पण एनव्हिडियाची शिफारस ३०० वॉटची आहे. १३२ वॉटचं आरएक्स ६६०० लावलं की बेरीज २४७, आणि एएमडी तर ४५० वॉटचा एसएमपीएस मागते. ब्रँडेड ऑफिस संगणकांत एसएमपीएसचा जोड अनेकदा वेगळा असतो, म्हणून बाजारातला साधा एसएमपीएस त्यात सरळ बसेलच असं नाही. कॅबिनेट उघडून फोटो काढून न्या.

वय आणि ऊन

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं, विंडोज ११ वर व्हॅलोरंटही टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतो. संगणक त्याआधीचा असेल, तर पुढच्या संगणकात नेता येईल तेवढंच घ्या: एसएसडी, कार्ड. डीडीआर३ रॅम पुढे कुठेही बसणार नाही.

इंदूरचा पारा उन्हाळ्यात चाळिशी ओलांडतो. कार्ड खोलीपेक्षा ४५ अंशांनी जास्त तापत असेल, तर जानेवारीतल्या २० अंशांच्या खोलीत ते ६५ वर राहील, मे महिन्यात ३८ अंशांच्या खोलीत ८३ वर. त्या सुमारास एनव्हिडियाची अनेक कार्डं आपला वेग कमी करू लागतात. पंख्यांवरची धूळ झटकणं आणि प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलणं, एवढ्याने बराच ताप उतरतो. पहिला खर्च हाच असावा.

बिल

संगणकाच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. म्हणजे १०,००० रुपयांच्या पक्क्या बिलात वस्तूची किंमत ८,४७५ आणि कर १,५२५. बिल नको म्हटलं तर ही रक्कम वाचल्यासारखी वाटते, पण वॉरंटी मागायला गेल्यावर हाती कागद नसतो. जुनं कार्ड घेत असाल तर दुकानातच अर्धा तास गेम चालवून तापमान पाहा.

क्रम असा ठेवा: आधी साफसफाई, मग एसएसडी, मग रॅमची दुसरी स्टिक, मग एसएमपीएसला पेलेल असं कार्ड, आणि सगळ्यात शेवटी प्रोसेसर व मदरबोर्ड. प्रत्येक पायरीनंतर पुन्हा मोजा. एका चित्राचा वेळ १६.६७ मिलिसेकंदांच्या आत आला, की खर्च तिथेच थांबवा.