डोंगर चिरंतन आहे काय? अजिंठ्याच्या दरीची घडण आणि झीज

अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात भिक्खू बुद्धभद्राचा संस्कृत शिलालेख आहे. तो इसवी सनाच्या ५ व्या शतकाच्या उत्तरार्धातला. चंद्रसूर्य असेपर्यंत टिकेल असे स्मारक करावयाचे तर ते डोंगरात करावे, असा विचार त्यात मांडला आहे. लाकडी विहार जळतात, विटांचे स्तूप ढासळतात, पाषाण तेवढा उरतो, हा अनुभव त्यामागे असावा. तथापि सर्व संस्कार अनित्य आहेत असे मानणाऱ्या संघातील एका विद्वान भिक्खूने डोंगराला या नियमातून वगळले होते काय? या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी हा डोंगर कसा घडला ते पाहिले पाहिजे.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला भेगा पडून लाव्हारस वाहिला. तो थरावर थर साचून थिजला. त्यातूनच आपला काळा फत्तर, म्हणजे बेसाल्ट, तयार झाला. दोन थरांच्या मध्ये पुष्कळ ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा आढळतो. पहिला थर थंड होऊन दुसरा त्यावर येईपर्यंत जो काळ गेला, त्या काळात उघड्या पृष्ठभागाची माती होऊ लागली होती. म्हणजे डोंगर पुरता उभा राहण्याआधीच त्याची झीज सुरू झाली होती.

खडक जागच्या जागी फुटणे व कुजणे याला भूगोलात विदारण म्हणतात. दिवसा तापणारा व रात्री निवणारा दगड भेगाळतो, आणि भेगेत शिरलेले पिंपळाचे मूळ ती रुंदावते. परंतु बेसाल्टच्या बाबतीत खरे काम पाण्याचे आहे. पावसाच्या पाण्यात हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळून ते किंचित आम्लधर्मी होते. असे पाणी दगडातील खनिजांची चिकणमाती करते आणि त्यातील लोहाला गंज चढवून त्याला तांबडा-पिवळा रंग आणते. मुरूम म्हणून आपण जो रस्त्यावर टाकतो, तो या प्रक्रियेतील अर्ध्या वाटेवरचा दगड होय.

सुटलेला हा माल पाणी वाहून नेते, तेव्हा त्यास क्षरण म्हणतात. अजिंठ्यास हे काम वाघूर नदीने केले. सात धबधब्यांनी कोसळत ती दरीत उतरते आणि घोड्याच्या नालासारखे वळण घेते. वळणावर नदीचा जोर बाहेरच्या काठावर पडतो. तो काठ खालून पोखरला जातो व वरचा दगड निराधार होऊन कोसळतो. अशा रीतीने सुमारे ७६ मीटर उंचीचा उभा कडा तयार झाला. इसवी सनापूर्वी २ऱ्या शतकाच्या सुमारास भिक्खू व त्यांचे कारागीर येथे आले, तेव्हा नदीने डोंगर कापून उभी भिंत त्यांच्यासाठी तयारच ठेवली होती, असे म्हटले तर ते फार चुकीचे ठरणार नाही. ‘ठेवली होती’ हा मात्र केवळ बोलण्याचा प्रकार आहे. नदीला हेतू नसतो.

वाहून नेलेले द्रव्य प्रवाह मंदावला की खाली बसते. हे संचयन. वाघूर तापीला मिळते, आणि खानदेशात तापीकाठी गाळाचे जाड थर साचलेले आहेत. जळगावच्या केळीच्या बागा अशा जमिनीवर उभ्या आहेत. लेण्यांच्या आतही या मातीचे स्थान मोठे आहे. भिंतीवरील चित्रांखालचा गिलावा माती, भाताचा कोंडा व वनस्पतींचे तंतू यांचा आहे. चित्रांतला गेरू व पिवडी हे लोहयुक्त मातीचे रंग. हिरवा रंगही बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या एका खनिजापासून मिळत असे. फक्त निळ्यासाठी लागणारा राजावर्त दूरच्या बदख्शानकडून येई. पद्मपाणीच्या प्रसन्न मुद्रेमागे दगडाची माती होण्याची ही दीर्घ प्रक्रिया उभी आहे.

या साऱ्यात कोठेही निर्मात्याची गरज पडत नाही. कारण असले की कार्य होते. पूज्य बाबासाहेबांनी ‘दि बुद्ध अँड हिज धम्म’ (१९५७) या ग्रंथात ईश्वराला सृष्टिकर्ता मानणाऱ्या समजुतीची चिकित्सा केली आहे, आणि अनित्यतेचे विवेचन करताना संयुक्त पदार्थांची अनित्यता प्रथम सांगितली आहे. बेसाल्ट हा अनेक खनिजांचा संयोग आहे, आणि विदारण म्हणजे त्या संयोगाचे सुटणे. म्हणून बुद्धाने भूशास्त्र सांगून ठेवले होते, असा दावा मात्र कोणी करू नये. त्याने धम्माची प्रतिष्ठा वाढत नाही. संयुत्तनिकायात कल्पाचा काळ समजावताना योजनभर उंच अखंड शिलेची उपमा येते. शंभर वर्षांतून एकदा तलम काशीवस्त्राने पुसली तरी ती शिला झिजून संपेल, पण कल्प संपणार नाही, असा तिचा आशय आहे. उपमेचा विषय काळाची दीर्घता हा आहे. परंतु दगड झिजतो हे श्रोत्यांना पटवून द्यावे लागत नव्हते, हेही तीवरून दिसते.

बुद्धभद्राला दोष देण्याचेही कारण नाही. मानवी पिढ्यांच्या मापाने डोंगर टिकाऊच होता. दीड हजार वर्षांनंतरही आपण त्याचा लेख वाचतो आहोत. पण लेणी कोरली म्हणून विदारण थांबले नाही. पहिल्या लेण्याचा मुखमंडप पडला. दहाव्या चैत्यगृहाचा दर्शनी भाग कोसळला. सर्वांत खालच्या पातळीवरील आठव्या लेण्याचा बराचसा पुढचा भाग दरडीबरोबर गेला. नदीपासून लेण्यांपर्यंत चढणाऱ्या पुरातन पायऱ्याही बहुतेक नाहीशा झाल्या. माथ्यावरचे पाणी भेगांतून झिरपते, गिलावा भिंतीपासून सुटतो आणि चित्राचा तुकडा खाली येतो.

अजिंठ्याची देखभाल पुरातत्त्व खात्याकडे आहे. महाराष्ट्रात गावोगावच्या डोंगरात मात्र अशी कितीतरी लहान लेणी आहेत, ज्यांना पहारेकरीही नाही. तेथे श्रद्धेपोटी भिंतींना तैलरंग चढवला जातो किंवा सिमेंटचा लेप दिला जातो. दगडात शिरलेली ओल अशा थराखाली कोंडते, क्षार पृष्ठभागाजवळ साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. अशा लेण्यांची काळजी घेणाऱ्या उपासकांनी रंगाचा डबा दूर ठेवावा. माथ्यावरील पाणी बाजूला वळवणे आणि भेगांत रुजलेली रोपे लहान असतानाच काढणे ही कामे तज्ज्ञांच्या सल्ल्याने, शक्यतो वर्षावास सुरू होण्यापूर्वी करून घ्यावीत.