आधी पाणी, मग मजले

पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या 2001 मध्ये सुमारे 10 लाख होती. 2011 च्या जनगणनेत ती 17 लाखांवर गेली. वाकड, रहाटणी, पिंपळे सौदागरच्या शेतांत टॉवर उभे राहिले. पवना धरणातून थेट जलवाहिनी आणण्याची योजना मात्र 9 ऑगस्ट 2011 रोजी मावळात तिच्याविरुद्धच्या आंदोलनावर झालेल्या पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा बळी गेल्यावर रखडली. शेतकऱ्यांचा विरोध समजण्यासारखा होता. पाण्याची सोय होण्याआधीच मजले चढत राहिले, हे समजण्यासारखं नाही. नोव्हेंबर 2019 पासून शहराला दिवसाआड पाणी मिळू लागलं. म्हणजे दोष दाटीपेक्षा क्रमाचा आहे.

‘मग बांधकामंच थांबवा’ असं कुणी म्हणेल. पण चाकणचे कारखाने माणसं बोलावतच राहणार. त्यांना शहरात परवडणारं घर मिळालं नाही, तर म्हाळुंगे, खराबवाडीसारख्या गावांत खोल्या वाढतील आणि तिथल्या ग्रामपंचायतींच्या गटारांवर ताण येईल. त्यापेक्षा मार्च 2022 मध्ये सुरू झालेल्या मेट्रोच्या स्थानकांजवळ, चालत जाण्याच्या अंतरावर उंच इमारती बऱ्या. 1972 मध्ये स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणाने आखलेल्या पेठांमधले जुने रहिवासी पार्किंग आणि सावलीची काळजी करतात, आणि ती रास्तच आहे. वाढीव चटई क्षेत्राचं अधिमूल्य त्याच प्रभागातल्या पदपथांवर, मैलावाहिन्यांवर खर्च करायचं आणि पाणी मोजूनच परवानगी द्यायची, एवढं बंधन घातलं तर त्यांच्या विरोधाची धार बरीच बोथट होईल.